उंबराच्या तिठ्यापासून वर

१४ डिसेंबर

उद्या उद्यान उघडणार. भूकंपात डोंगरावरची वाट खचली, तेव्हापासून दोन पावसाळे फाटकाला साखळी होती आणि आमच्या लास नुबेस गावात कुत्रंही फिरकत नव्हतं. आज एलिएसेर स्वतः सांगायला आला. तो उद्यानाचा रखवालदार, पण बोलतो असा की ज्वालामुखी त्याच्याच बापानं घडवलाय. दोन कप कॉफी प्यायला आणि म्हणाला, डोन्या ओदिली, आता तुमचे दिवस आले.

आले तर आले, माझी तयारी आहे. तिन्ही खोल्यांना रंग दिलाय, गाद्या उन्हात घातल्या (ऊन म्हणजे आमच्याकडे जे काही मिळतं ते), आणि नवरा अबेलार्दो वारल्यापासून बंद असलेली चूल पेटवून पाहिली. पाहुण्यांचं घर चालवायचं हे माझं मी ठरवलं. ग्रेविनला पटलेलं नाही. माझा मुलगा, पण शहरात राहून त्याच्या तोंडाला शहर लागलंय. ईस्टरच्या आठवड्यापर्यंत बघू म्हणतो. चाललं तर ठीक, नाही तर घर भाड्यानं द्यायचं आणि मी त्याच्याकडे एरेदियाला जायचं. त्याच्या घराच्या खिडक्यांना गज आहेत आणि समोर टायरचं दुकान. तिथं मी सहा महिन्यांत मरेन. हे मी त्याला सांगितलं नाही. सुनेला म्हटलं, हो हो, देवाची इच्छा असेल तर नक्की येईन. म्हणजे नाहीच, हे तिला समजायला हवं होतं.

ही वही त्यानंच हिशेबाला दिली. हिशेब माझ्या डोक्यात राहतो. राग डोक्यात ठेवला की झोप येत नाही, म्हणून तो इथं लिहिते.

इंटरनेटवर पत्ता मी सांगितला तसाच घातलाय. लास नुबेस, जिथं मोठा रानउंबर होता त्या तिठ्यापासून तीनशे मीटर वर, निळं फाटक. त्यावरही त्याची कुरकुर. उंबर पडून किती वर्षं झाली, म्हणे. म्हणून काय झालं? जागा तर तिथंच आहे ना. पाद्री याच पत्त्यावर येतो, गॅसवाला येतो, अबेलार्दोच्या वेळी रुग्णवाहिकाही आली होती. तिठ्यावर पाटी लाव म्हणतो. पाटी लावायची म्हणजे माझ्या भावजयीच्या, सेनेइदाच्या कुंपणावर. मेले तरी तिला विचारणार नाही.

१५ डिसेंबर

सगळं गाव वर गेलं. उघडल्या दिवशी तिकीट नव्हतं, मग काय. भाताची भांडी फडक्यात बांधून, आज्यांना हाताला धरून, एका पोराच्या डोक्यावर तर खुर्ची. वाट पूर्वीपेक्षा चांगली केलीय, चिखलाच्या जागी लाकडी फळ्या आहेत. रान मात्र तसंच. पाऊस नाही तरी प्रत्येक फांदीतून टपटप चालू, ओकच्या झाडांना शेवाळाच्या दाढ्या, आणि दहा पावलांवरचा माणूस आवाजावरून ओळखायचा. कड्यावर पोचलो तर खाली तळं नाहीच, नुसता ढग. शहरातून आलेले चिडले. आम्ही भात खाल्ला. आम्हाला ठाऊक आहे तळं कुठं आहे ते.

सेनेइदा आली होती. माझ्या धाकट्या भावाची, ओव्हिदिओची बायको. त्याचाच पिवळा रेनकोट घालून, जो तिच्या घोट्यापर्यंत येतो. वाटेला जिथं फाटा फुटतो तिथं शहरातली माणसं चुकत होती, तर ही बया परत मागं जाऊन एकेका टोळीला कड्यापर्यंत पोचवत होती. तिला कुणी सांगितलं होतं? पुढंपुढं करायची सवय आहे. ओव्हिदिओच्या आजारपणातही तसंच, मला सूप करू दिलं नाही, सगळं स्वतः. आणि तो गेल्यावर तिठ्यावरचं घर, आमच्या आईचं घर, तिच्या नावावर. मी त्या घरात जन्मले. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही, पण सगळ्या गावाला माहीत आहे.

परतताना ती माझ्या शेजारून चालत होती. गुडघे कसे आहेत विचारलं. छान आहेत म्हटलं. छान नाहीत.

२८ डिसेंबर

पहिले पाहुणे आले. जर्मन नवरा-बायको, दोघंही खांबासारखे उंच. स्पॅनिश म्हणाल तर नमस्कार, धन्यवाद आणि बिअर. अंधार पडता पडता फाटकाशी गाडी लागली, आणि उतरले ते हसतच. मी राजमा-भात, अंड्याची पोळी, चीज घातलेल्या तॉर्तिया असं सगळं मांडून ठेवलेलं. त्यांनी चिमणीएवढं खाल्लं. मग बाई खाली तिठ्याकडे बोट दाखवून पोटावरून हात फिरवायला लागली, आणि पेला तोंडाला लावल्यासारखं केलं. समजायचं ते समजले. सेनेइदानं त्यांना वाटेत थांबवून गुळाचं गरम पाणी पाजलं होतं, वर काहीतरी खायलाही घातलं होतं. माझे पाहुणे, माझ्या जेवणाच्या आधी!

ती आज पाजते, उद्या खोली दाखवेल. त्या घरात तीन खोल्या रिकाम्या आहेत, मला विचारा.

९ जानेवारी

वारा सुटलाय. ढग घरात शिरतो, चादरी ओल्या लागतात. तरी पाहुणे येताहेत. केत्झाल पक्षी बघायचा असतो त्यांना, भल्या पहाटे वाटेला लागतात आणि संध्याकाळी चिखलाचे बूट माझ्या ओसरीवर काढतात. बोलणं सगळं हातांनी चालतं.

पण मला हे लिहायचं नव्हतं. खिडकीतून मी आता तीनदा पाहिलंय. दिवेलागणीला तिठ्यावरून बॅटरीचा उजेड चढ चढत माझ्या फाटकापर्यंत येतो. पिवळा रेनकोट. नेमकी पाहुणे येण्याच्या वेळेला. फाटकाशी उभी राहते, कोण उतरलं, किती जण, सामान किती, सगळं बघून घेते आणि परत उतरते. पासष्टीची बाई, तीनशे मीटरचा चढ, अंधारात. मत्सर माणसाला काय काय करायला लावतो. मला तर रविवारी चर्चला जायचं तरी गुडघे कुरकुरतात.

२५ जानेवारी

तिन्ही खोल्या भरल्या. ग्रेविनला फोन करून मुद्दाम सांगितलं. तो म्हणाला, लोकांनी नेटवर चांगलं लिहिलंय, घर सापडायला सोपं आहे असं सगळ्यांनी लिहिलंय. बघ म्हटलं, आणि तू पाटीचं तुणतुणं वाजवत होतास. गप्प बसला. मुलगा गप्प बसला की किती बरं वाटतं.

फ्रेंच मुलीनं जाताना माझा फोटो काढला. मग तिठ्यावर गाडी थांबवून सेनेइदाचाही काढला. तिला मिठी मारली. मला नव्हती मारली.

२ फेब्रुवारी

आज बोलून टाकलं. चर्चमधून निघाल्यावर आधी बायकांत बोलले. भावजय तिठ्यावर उभी राहून माझे पाहुणे पळवते, रोज फाटकाशी हेरगिरी करते. सगळ्या म्हणाल्या, हो ना, खरंच की, कसं बाई. आमच्या गावात कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. पण मला बळ आलं. सेनेइदा पायऱ्या उतरत होती, सरळ तिच्यासमोर गेले.

म्हटलं, ‘‘सेनेइदा, तुम्ही रोज माझ्या फाटकाशी काय करता?’’

ती थांबली. भोवती बायका होत्याच. म्हणाली, ‘‘गाडीच्या पुढं चालते. पाहुण्यांना रस्ता सापडत नाही, ओदिली.’’

‘‘माझा पत्ता पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत आहे.’’

‘‘पंचक्रोशीतले लोक तुमच्याकडे राहायला येत नाहीत.’’

कुणीतरी हसलं. कोण ते मला माहीत आहे. मला शरम आली आणि शरमेचा राग झाला. मी म्हटलं, ‘‘माझ्या भावाला गिळलंत, आईचं घर गिळलंत, आता माझ्या पाहुण्यांच्या मागं लागू नका. पुन्हा फाटकाशी दिसायचं नाही.’’

तिचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं, पण लिहीत नाही. ‘‘बरं,’’ म्हणाली. ‘‘नाही दिसणार.’’

एवढंच. रेनकोटचं बटण लावलं आणि गेली. बायकांनी मला कॉफीला बोलावलं, छान केलंस म्हणाल्या, नंतर एकेकीला घरी काम आठवलं.

१२ फेब्रुवारी

तिनं शब्द पाळला हे खरं. उजेड नाही, रेनकोट नाही.

कॅनडाचे दोघं येणार होते, आले नाहीत. शुक्रवारी एक कुटुंब येणार होतं, तेही नाही. मी शेंगांचं सूप केलं होतं, ते तीन दिवस मीच खाल्लं. परक्या लोकांना शब्दाची किंमत नाही. यायचं म्हणतात आणि येत नाहीत, निदान कळवावं तरी. ग्रेविन सांगतो की कॅनडावाल्यांनी पैसे परत मागितलेत, दोन तास ढगात फिरलो आणि घरच नव्हतं असं म्हणताहेत. घर नव्हतं! शंभर वर्षं झाली घराला.

मला वाटतं, खालच्या खालीच तिनं काहीतरी सांगितलं असणार.

२१ फेब्रुवारी

घडलं तसं लिहिते.

परवा नेदरलँडचं म्हातारं जोडपं येणार होतं. आलं नाही, मी दार लावून झोपले. काल सकाळी एलिएसेर वाटेची पाहणी करायला निघाला तेव्हा लाकूडतोड्यांच्या जुन्या रस्त्यावर, पार रानाच्या तोंडाशी, त्याला गाडी दिसली. आत बाई थंडीनं निळी पडलेली. नवरा घर शोधायला चालत गेला होता तो ओढ्याच्या घळीत पडलेला, रात्रभर तिथंच, खुब्याचं हाड मोडून. जिवंत आहे. त्यांना चादरीत घालून खाली नेलं. त्याच्या मुठीत कागद होता, त्यावर माझा पत्ता. उंबर शोधत होता, एलिएसेर म्हणाला. प्रत्येक झाडाला बॅटरी लावून बघत होता असं बायकोनं खुणांनी सांगितलं.

एलिएसेर बसला नाही, कॉफीही नको म्हणाला. दारातच उभा राहून म्हणाला, ‘‘डोन्या ओदिली, तिठ्यावर तीन रस्ते आहेत आणि ढगात एकही दिसत नाही. महिनाभर डोन्या सेनेइदांनी एक-एक गाडी चालत वर आणून सोडली. तुम्हाला काय वाटलं, आपोआप येत होत्या?’’

मी म्हटलं, तिनंच तुला शिकवून पाठवलंय. त्यानं टोपी घातली आणि गेला.

२२ फेब्रुवारी

दुपारी काठी घेऊन तिठ्यापर्यंत उतरले. मला ढगात काय आहे ते बघायचं होतं, म्हणजे काय नाही ते. उभी राहिले. या जागेवर मी लहानपणी उंबराच्या मुळांत बसून गाईंची वाट बघायचे. आजही मला ते झाड दिसतं, खरंच दिसतं, कुठली फांदी कुठं होती तेही. म्हणून कधी मनात आलं नाही. त्या म्हाताऱ्याला काय दिसलं असेल? पांढरं. आणि तीन रस्ते, तिन्ही सारखेच.

सेनेइदाच्या खिडकीला पडदा होता. मी दार वाजवलं नाही. वर येताना चारदा थांबावं लागलं. हा चढ ती रोज चढत होती, गाडीच्या दिव्यांपुढं.

तिनं मला बाजूला घेऊन आधीच सांगायला हवं होतं. चारचौघींत नव्हे. दोष तिचाही आहे.

१० मार्च

कुणी येत नाही. नेदरलँडच्या बाईच्या मुलीनं नेटवर लिहिलंय, ते ग्रेविननं वाचून दाखवलं. मी फोन कानापासून लांब धरला तरी ऐकू आलं. ग्रेविन रागावला नाही, त्याचंच वाईट वाटलं. रविवारी येऊन पाटी करून दिली. निळ्या फळीवर पांढरा बाण, रात्री चमकणारा रंग. ईस्टरच्या आठवड्यात आपली इथली माणसं डोंगरावर येतात, म्हणाला, पाटी लागली तर अजून सावरेल. फक्त ती सेनेइदा मामींच्या कुंपणावर लागेल, तेवढं विचारून घे.

रस्त्याकडेला रोव म्हटलं, तर कडेला जागाच नाही. एकीकडे घळ, एकीकडे तिचं कुंपण.

मी विचारते म्हटलं.

२७ मार्च

रोज विचारायला निघते आणि रोज काहीतरी निघतं. तिच्या दाराला कुलूप असतं असं मी ग्रेविनला सांगितलं होतं, ते खरं निघालं. उद्यानवाल्यांनी तिला कामाला ठेवलंय. डचांच्या प्रकरणानंतर वाटेच्या तोंडाशी कुणीतरी उभं राहायला हवं असं वरून आलं, आणि एलिएसेरनं तिचंच नाव सांगितलं. आता तिला उद्यानाचा हिरवा रेनकोट मिळालाय, अगदी मापाचा.

माझ्यामुळे मिळालं म्हणायचं हे काम. कुणी आभार मानायला आलं नाही.

३ एप्रिल

वर गेले. दुसरा इलाज नव्हता, परवापासून ईस्टरची गर्दी. तिकीट घेतलं. जन्मभर या रानात लाकडं गोळा केली, रानमेवा तोडला, अबेलार्दोशी इथंच जुळलं, आणि आज तिकीट घेतलं. म्हाताऱ्यांना सवलत आहे.

सेनेइदा वाटेच्या तोंडाशी उभी होती. मला बघून हसली, जसं सगळ्यांना बघून हसत असेल. म्हणाली, ‘‘शुभ सकाळ, डोन्या. फाट्यावर डावीकडे वळा, उजवीकडची वाट बंद आहे. फळ्या निसरड्या आहेत, सांभाळून.’’

डोन्या म्हणाली, परक्या बाईला मानानं म्हणतात तसं. चाळीस वर्षांत तिनं मला नावानंच हाक मारली होती.

मी पुढं गेले नाही. तिथंच बाकावर बसले. आम्ही वाऱ्याबद्दल बोललो, कॉफीच्या भावाबद्दल बोललो, माझ्या गुडघ्यांबद्दल तिनं विचारलं, आज मी खरं सांगितलं. माणसं येत होती, ती मधेच उठून वाट दाखवून परत येत होती. मग रिकामा वेळ आला, आणि पाटीचं काढायच्या आत तीच बोलली.

‘‘ती गाडी मला दिसली होती,’’ म्हणाली. ‘‘म्हाताऱ्यांची. तिठ्यावर थांबली, पुढं गेली, मागं आली. मी खिडकीत होते. रेनकोट हातात घेतलासुद्धा. मग तुमचे शब्द आठवले आणि पडदा ओढून घेतला.’’

ती माझ्याकडे बघत नव्हती, रानाकडे बघत होती. सांगितल्यावर तिला बरं वाटलं असेल का, कळलं नाही. मला नाही वाटलं. मला वाटलं, ही बाई आणि मी दोघी मिळून एका परक्या माणसाचं हाड मोडून बसलोय. हे पाद्रीलासुद्धा सांगता येणार नाही, कारण अर्धं तिचं आहे.

मग मी विचारलं. पाटी छोटी आहे, दोन खिळे फक्त, कुंपणाला काही होणार नाही.

‘‘हो हो, का नाही,’’ ती म्हणाली. खूप गोड आवाजात. ‘‘लावू की. मी जरा बघते आणि कळवते. देवाची इच्छा असेल तर याच आठवड्यात.’’

मी आभार मानले. तिनं माझा हात दाबला, गालाला गाल लावला, सगळं रीतीनं. मागं माणसं जमली होती. ती त्यांच्याकडे वळली आणि म्हणाली, फाट्यावर डावीकडे.

तळं बघायला गेले नाही. लोक खाली येताना सांगत होते, आज ढग नाही, सगळं स्वच्छ दिसतंय म्हणून.

२० एप्रिल

ग्रेविन ट्रक घेऊन आलाय. दोन मोठे पलंग भाडेकरूंना लागतील म्हणून राहू देणार, माझा लहान पलंग न्यायचा. ईस्टरला रस्त्यानं गाड्याच गाड्या होत्या, सगळ्या सरळ उद्यानाकडे. सुट्टी संपेपर्यंत मी फाटक उघडं ठेवलं होतं.

पलंग उचलताना त्याची नजर स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवलेल्या पाटीवर गेली. म्हणाला, ‘‘आई, सेनेइदा मामींना विचारलं होतंस ना? काय म्हणाल्या?’’

‘‘हो म्हणाल्या,’’ मी सांगितलं. ‘‘देवाची इच्छा असेल तर, म्हणाल्या.’’

ग्रेविनचा जन्म याच गावातला आहे. त्यानं पुढं काही विचारलं नाही, पलंगाची दुसरी बाजू मला धरायला सांगितली.